चोवीस तासांची नोटीस

पीक विम्याची शेवटची तारीख जवळ आली की आमच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर पाय ठेवायला जागा नसते. अंबाजोगाईच्या आसपासच्या खेड्यांतली माणसं सकाळच्या पहिल्या एसटीनं येतात. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक असं सगळं घडी करून आणलेलं असतं. भिजलेल्या कपड्यांचा वास, चोळलेल्या तंबाखूचा वास, झेरॉक्स मशीनमधून येणारी गरम हवा, आणि दर पाच मिनिटांनी कुणाचा तरी प्रश्न, "ताई, सर्व्हर आलं का?" अशाच एका दुपारी मागच्या भिंतीला टेकून एक पोरगं उभं होतं. त्याचा नंबर आला की ते शेजारच्याला पुढं जाऊ द्यायचं. अकरावी सायन्सचं पोरगं. त्याचा प्रवेशाचा फॉर्म माझ्याच हातून भरलेला, म्हणून ओळखीचं. गर्दी पांगल्यावर पुढं आलं आणि हळू आवाजात म्हणालं, "ताई, एका मेलची प्रिंट पाहिजे होती." कशाचा मेल म्हणून विचारलं, तर म्हणे कॉलेजचा.

स्क्रीनशॉट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला तेव्हा तो कॉलेजचा नव्हता हे लगेच दिसलं. वर एका मोबाइल गेमचं चिन्ह, खाली लाल पट्टा, पट्ट्यात इंग्रजीत 'फायनल नोटीस'. तुमच्या खात्यावरून बेकायदा सॉफ्टवेअर वापरल्याचं आढळलं आहे, चोवीस तासांत ओळख पटवली नाही तर खातं कायमचं बंद होईल, असा मजकूर. त्याखाली मोठं निळं बटण. कोणता खेळ ते इथं सांगत नाही, कारण असे मेल सगळ्याच खेळांच्या नावानं येतात आणि त्यात त्या खेळाचा दोष नसतो. मी विचारलं, "बटण दाबलंस का?" त्यानं मान हलवली. काल संध्याकाळीच दाबलं होतं, पासवर्ड टाकला होता, फोनवर आलेला कोडही टाकला होता. रात्री खातं आपोआप बाहेर पडलं, आणि सकाळपासून आत जाताच येत नव्हतं. "मग आता प्रिंट कशाला?" त्यानं खिशातून वहीचा घडी केलेला कागद काढला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं : प्रति, मा. व्यवस्थापक साहेब. विषय : माझे खाते पुन्हा चालू करणेबाबत. महोदय, मी कोणतेही बेकायदेशीर सॉफ्टवेअर वापरलेले नाही, तरी माझ्या विनंतीचा सहानुभूतीने विचार व्हावा. खाली 'आपला विश्वासू', सही, आणि सोबत जोडलेली कागदपत्रे : नोटिशीची प्रत.

चोरी त्याची झाली होती आणि खुलासाही तोच लिहीत होता.

तो कागद माझ्या मनातून जाईना. रात्री भाकरी थापताना, दुसऱ्या दिवशी फॉर्म भरताना, मध्येच ते 'सहानुभूतीने विचार व्हावा' आठवायचं. पासवर्ड चोरीला जाणं मला नवीन नाही. या धंद्यात बसल्यापासून बँकेच्या नावानं, वीज बिलाच्या नावानं, लॉटरीच्या नावानं फसलेली माणसं पाहिली आहेत. पण आपल्याला लुटलंय हेच ज्याला कळलेलं नाही, उलट आपल्याला शिक्षा झालीय असं जो समजतो, असं माणूस इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिलं. नंतर विचार करता करता लक्षात आलं की या मेलची सगळी करामत इथंच आहे. लॉटरीचा मेल माणसाला हाव दाखवतो, आणि हावेपोटी फसलेला माणूस निदान चिडतो तरी. नोटिशीचा मेल माणसाला आरोपी करतो. आरोपी चिडत नाही, तो मान खाली घालतो. घरी सांगत नाही, मित्राला सांगत नाही, रात्रभर कुशी बदलत आपलं काय चुकलं ते आठवत बसतो. चोराला हवा असतो तो वेळ नेमका या गप्प बसण्यातून मिळतो.

आणि आपल्याकडं नोटिशीवर विश्वास बसायला काही लागत नाही. माझ्या काउंटरवर वर्षभर जे येतं ते काय असतं? रेशनची ई-केवायसी केली नाही तर नाव कमी होईल. किसान सन्मानची केवायसी केली नाही तर हप्ता थांबेल. विम्याची तारीख गेली तर अर्ज नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी आहे, अमुक तारखेच्या आत दुरुस्त करा. या सगळ्या खऱ्या नोटिसा आहेत, त्यांतल्या तारखाही खऱ्या आहेत, आणि तारीख चुकल्यावर खरंच नुकसान होतं. बीड जिल्ह्यातलं पोरगं लहानपणापासून आईबापाला अशा तारखांमागं धावताना बघतं. तहसीलमधून नोटीस आली की आधी घाबरायचं, मग अर्ज लिहायचा, अर्जाला नोटिशीची प्रत जोडायची, पोच घ्यायची. ते पोरगं घरी शिकलेलंच करत होतं. शहाणी माणसं सांगतात की मेलमध्ये घाई केलेली दिसली तर संशय घ्या. ज्यांच्या आयुष्यात प्रत्येक खरा कागदसुद्धा घाई करतच येतो, त्यांना या सल्ल्याचा किती उपयोग?

दुसरा नेहमीचा सल्ला म्हणजे इंग्रजीतल्या चुका बघा. तोही आमच्याकडं चालत नाही. इंग्रजी ही इथं कचेरीची आणि परीक्षेची भाषा. वाक्य समजलं हेच पुष्कळ, त्यात चूक कुठं आहे ते दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या पोरानं कसं ओळखायचं? आणि आता तर मजकूर लिहून देणारी यंत्रं आल्यापासून खोट्या मेलांचं इंग्रजीही घोटीव झालं आहे. त्या पोराला आलेल्या मेलमध्ये मला एकही चूक सापडली नाही.

मला यातलं जे खरोखर उपयोगी वाटतं ते मी वडिलांकडून शिकले, आणि त्यांनी कधी ई-मेल पाहिला नव्हता. ते गावात पोस्टाची शाखा सांभाळायचे. ओट्यावर सतरंजी टाकून टपालाची थैली रिकामी करायचे. लाखेचा आणि गोणपाटाचा वास अजून माझ्या नाकात आहे. मी शेजारी बसून पत्रांवरची नावं मोठ्यानं वाचायला लागले की ते म्हणायचे, "वरून नको वाचूस, खालून वाच." आधी पिनकोड, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. कारण पिंपळगाव आपल्याकडं पायलीला पन्नास. पिंपळगाव वाचून पत्र कुठं जाणार ते कळत नाही, खालची ओळ वाचली की कळतं. पिनकोड १९७२ च्या १५ ऑगस्टला सुरू झाला तो याच गोंधळासाठी. आणि पाकिटाच्या मागं पाठवणाऱ्याचं नाव काहीही लिहिता येतं, म्हणून ते शिक्का बघायचे, पत्र कुठल्या पोस्टात पडलं ते शिक्का सांगतो.

वेबसाइटचा पत्ता असाच, पण उजवीकडून वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडल्या तर पुढं जी पहिली तिरपी रेघ येते तिथं थांबायचं आणि मागं यायचं. डॉट कॉम, त्याच्या लगेच आधीचा शब्द, एवढाच खरा मालक. डॉट को डॉट इन असेल तर आणखी एक शब्द मागं. त्याच्या डावीकडं खेळाचं नाव, कंपनीचं नाव, सपोर्ट, सिक्युरिटी असं कुणालाही काहीही लिहिता येतं. त्या पोराच्या मेलमधलं निळं बटण मी फोनवर दाबून धरलं, तेव्हा खालून पत्ता उघडा झाला. त्यात खेळाचं नाव होतं, अगदी ठळक, पहिलंच. पण मालकाच्या जागी भलतंच नाव होतं, मध्ये आडवी रेघ टाकून जोडलेलं. आडवी रेघ म्हणजे डॉट नव्हे. आडव्या रेघेनं जोडलेला सगळा मिळून एकच शब्द, आणि तो शब्द कुणीही विकत घेतलेला असू शकतो. काही वेळा तर अक्षरच फसवं असतं. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की बारीक पडद्यावर एम दिसतो, आणि रशियन लिपीतला ए आपल्या इंग्रजी ए पासून डोळ्यांनी ओळखूच येत नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवण्यापेक्षा मेलमधलं बटण सोडून द्यावं आणि खेळाचं ॲप आपण होऊन उघडावं. खरी नोटीस असेल तर तिथंही दिसेल.

पाठवणाऱ्याच्या नावाचंही तेच. ई-मेल पाठवायची पद्धत १९८२ मध्ये ठरली तेव्हा पाठवणारा खरा का खोटा हे तपासायची सोय तीत नव्हती. पुढं एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्या आल्या, संगणकावर जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं की त्या दिसतात. पण तिथं 'पास' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ इतकाच, की मेल ज्या पत्त्यावरून आलाय असं म्हणतो त्याच पत्त्यावरून आलाय. तो पत्ताच चोराचा असेल तर चोराचा मेलही पास होतो. फोनवर नाव तेवढं दिसतं, पत्ता बघायला नावाखालचा छोटा बाण दाबावा लागतो, आणि तो बाण आहे हेच कुणाला माहीत नसतं. कुलपाच्या चिन्हाचीही अशीच दिशाभूल. कुलूप म्हणजे तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही, बस्स. समोरचा कोण आहे ते कुलूप सांगत नाही.

हे लिहिताना मला एका गोष्टीचा राग येतो. या पोरांची गोष्ट निघाली की लोक म्हणतात, अडाणीपणा, दुसरं काय. खेळाच्या खात्यांची चोरी अंबाजोगाईत सुरू झालेली नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ २००४ मध्ये आला, आणि तो खेळणाऱ्यांना असेच मेल जायचे : तुम्ही खेळातलं सोनं पैशांना विकल्याचं आढळलंय, खातं बंद होतंय, ओळख पटवा. आरोप, मुदत आणि बटण, तेव्हापासून साचा तोच आहे. हा खेळ काढणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीला २००८ मध्ये किल्लीला अडकवायचं, लॉगिनसाठी आकडे दाखवणारं एक छोटं यंत्र खेळाडूंना द्यावं लागलं. स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं डिसेंबर २०१५ मध्ये उघडपणे सांगितलं की महिन्याला सुमारे ७७ हजार खाती पळवून लुटली जातात, आणि ही काही नवशिक्यांची खाती नव्हेत, यात व्यावसायिक खेळाडू आणि खेळातल्या वस्तूंचे पक्के व्यापारीसुद्धा आहेत. २०२२ मध्ये तर स्पर्धेचं आमंत्रण देऊन त्याच पानावर लॉगिनची खोटी खिडकी रंगवायची युक्ती निघाली. वर पत्ता अस्सल दिसतो, कारण तो पत्ता म्हणजे नुसतं चित्र असतं. संगणकावर ती खिडकी ब्राउझरच्या बाहेर ओढायचा प्रयत्न करून बघावा. खरी असेल तर बाहेर येते, खोटी कडेला अडकते. तर हे असं आहे. तिकडचे मुरलेले खेळाडू जिथं फसले तिथं आमच्या पोराला अडाणी म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

शिवाय खातं बंद होईल ही भीती त्याच्या बाबतीत हवेतली नव्हती. त्याच्या पिढीनं खेळ बंद होताना पाहिले आहेत. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा हे पोरगं प्राथमिक शाळेत असेल, पण थोरल्या भावांचे उतरलेले चेहरे त्यानं पाहिले. पुढच्या जुलैत त्याच्या जागी नवा खेळ आला आणि जुन्या खात्यातलं सगळं नव्यात हलवायची सोयही आली. त्यासाठी खरंच लॉगिन करावं लागायचं, खरंच मुदत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर बंद झाला, जुलैत तो नवा खेळही ॲपच्या दुकानातून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. एका रात्रीत सगळं जातं, मुदतीत लॉगिन केलं तर वाचतं, हा धडा त्यांना खऱ्या घटनांनी दिला. चोरानं तोच धडा पुढं चालवला.

आणि त्या खात्यात नेमकं होतं काय? हे मी त्याला विचारलं तेव्हा आधी त्यानं कपडे, बंदुका, कसल्या कसल्या पातळ्या सांगितल्या. दिवाळीत मामानं दिलेल्या पैशांतून घेतलेली एक वस्तू सांगितली. मग जरा थांबून म्हणाला, "आमची टीम होती ना त्याच्यात." त्याची टीम म्हणजे त्याच्या वस्तीवरची पोरं. दिवाळीच्या आगेमागे इथली निम्मी घरं ऊसतोडीला जातात, कोणी सांगली-कोल्हापूरकडं, कोणी कर्नाटकात. काही पोरं आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत जातात, काही आजीजवळ मागं राहतात. हा मागं राहणाऱ्यांतला. संध्याकाळी उसाच्या फडाशेजारी कुणाच्या तरी फोनला रेंज आली की चौघं त्या खेळात जमायचे. खेळता खेळता बोलायचे, "आज काय केलं रं?", "आईला ताप आलाय", "इकडं थंडी लई पडली." गेल्या हंगामात त्याला आईच्या आजारपणाची बातमी त्या खेळातल्या आवाजातून कळली होती. मला स्वतःला हे खेळ आवडत नाहीत. रात्र रात्र जागून डोळे लाल झालेली पोरं मी सकाळी काउंटरवर बघते आणि जीव तुटतो. तरीही त्या दिवशी त्याच्या खात्याला 'गेमच तर होता' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. घरात त्याला कुणी किंमत देत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तर त्यानं कॉलेजचा मेल म्हणून सांगितलं.

आम्ही कामाला लागलो ते खेळापासून नव्हे, ई-मेलपासून. हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि घाबरलेला माणूस नेमका उलटा जातो, गेलेल्या खात्याचं दार ठोकत बसतो. ई-मेल ज्याच्या हातात तो बाकी सगळे पासवर्ड बदलून घेऊ शकतो. नशिबानं त्याच्या फोनवर जीमेल अजून उघडं होतं. आधी त्याचा पासवर्ड बदलला, बाकी सगळ्या उपकरणांवरून ते बंद केलं, आणि परत मिळवायसाठी दिलेला नंबर आणि मेल तपासला. मग सेटिंगमध्ये जाऊन मेल पुढं पाठवायचा किंवा लपवायचा एखादा नियम कुणी लावलाय का ते पाहिलं. लावलेला होता. खेळाच्या नावाचे आणि फेसबुकचे मेल आल्याबरोबर कचऱ्यात जातील असा नियम. कचऱ्याची पेटी उघडली तर त्यात पहाटेचे खरे इशारे पडलेले : तुमच्या खात्याचा मेल बदलला गेलाय, हे तुम्ही केलंत का? खेळ फेसबुकच्या खात्याशी जोडलेला होता आणि ते खातंच हातचं गेलं होतं. त्या खऱ्या इशाऱ्यात 'हे मी केलं नाही' असं कळवायची सोय होती. पण पोरानं हात मागं घेतला. "ताई, हा पण तसलाच असला तर?"

त्याचं घाबरणं रास्त होतं, आणि मला ते आवडलं. मेलमधलं बटण आम्ही सोडलंच. फेसबुक डॉट कॉम, तिरपी रेघ, हॅक्ड, असा पत्ता हातानं टाकला आणि तिथून गेलो. खेळाच्या मदत केंद्राला ॲपमधूनच लिहिलं. खेळाडू क्रमांक जुन्या स्क्रीनशॉटमध्ये सापडला. खरेदीची पावती मामाच्या मेलमध्ये होती, गुगल प्लेच्या पावतीचा जीपीए अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक. खातं आपलंच असल्याचा पुरावा म्हणून असले क्रमांक उपयोगी पडतात, म्हणून पावतीचे मेल पुसू नयेत. हे सगळं चाललं असताना त्याचा फोन वाजला. वस्तीवरचाच दुसरा पोरगा. याच्याच खात्यावरून त्याला रात्री निरोप आला होता, 'माझ्या टीमला मत दे', सोबत लिंक. त्यानं मत दिलं होतं. मत द्यायला लॉगिन केलं होतं.

मग त्या दुसऱ्यालाही बोलावून घेतलं. बाकीच्या पोरांना फोन लावायला सांगितले. खातं गेलं की पासवर्डाच्या बरोबरीनं हे फोन करायला हवेत, कारण चोर पुढच्या घरात आपला चेहरा लावून जातो. मला राहून राहून वाटत होतं, याला आपण आरोपी आहोत असं वाटलं नसतं, तर यानं रात्रीच टीमला सांगितलं असतं. पण हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्याच्या डोळ्यांत ते आधीच आलं होतं.

पोराचे वडील संध्याकाळी आले. विम्यासाठी रांगेत उभे राहून दमलेले होते, हातात तीच प्लास्टिकची पिशवी. पहिला प्रश्न, "जुगार होता का?" पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायद्यानं बंदी आली, तेव्हापासून गावात फोनवरचा कुठलाही खेळ जुगारातच मोजतात. तसं नाही म्हणून सांगितलं. दुसरा प्रश्न, "पैसे किती गेले?" पैसे गेले नाहीत म्हटल्यावर ते उठायलाच लागले. मी त्यांच्यापुढं पोराचा अर्ज ठेवला. त्यांनी तो सावकाश, ओठ हलवत वाचला. आयुष्यभर तलाठ्याला, तहसीलदाराला, मुकादमाला अर्ज-विनंत्या करत आलेला माणूस. वाचून झाल्यावर पोराकडं बघून म्हणाले, "लिहिलंस चांगलं रं. पण चोराला कशाला अर्ज?" पोरगं तेव्हा पहिल्यांदा रडलं. ते मारतील असं त्याला वाटत होतं. मारलं नाही. मला वाटतं त्यांनाही त्या कागदात स्वतःचं काहीतरी दिसलं असावं.

तक्रार करायची म्हटल्यावर मात्र ते कचरले. पोलीस ठाण्याची पायरी नको. मी सांगितलं, इथूनच होते. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन करायचा आणि बँकेला कळवायचं, तिथं मिनिटामिनिटाला किंमत असते. पैसे गेले नसले तरी दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकावरून फसवणं ६६-डी खाली. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे वाचून दाखवलं तेव्हा पोरानं विचारलं, "म्हणजे गुन्हा त्यानं केला?" हो, त्यानं. तक्रारीची पोच छापून दिली. फेसबुकचं खातं हाती आलं, खेळाचंही पुढं आलं, पण मामाच्या पैशांतली ती वस्तू गेलेली होती. दुसऱ्या पोराचं खातं मात्र आलं नाही. त्याच्याकडं ना पावती होती, ना क्रमांक, ना ज्या मेलवर खातं काढलं त्याचा पासवर्ड.

त्या मेलचा पासवर्ड कुणाकडं होता, हा खरा प्रश्न आहे आणि तो आमच्या धंद्याचा आहे. मराठवाड्यातल्या खेड्यात माणसाचा ई-मेल जन्माला येतो तो सेंटरवर. फॉर्ममध्ये रकाना असतो म्हणून. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले, तेव्हा असे ढीगभर मेल निघाले. काढणारा सेंटरवाला, पासवर्ड पोराच्या नावापुढं जन्मसाल, ओटीपी बापाच्या फोनवर, आणि फॉर्म गेला की सगळे विसरले. पुढं तेच पोरगं त्याच मेलवर खेळाचं खातं काढतं, आणि सगळा डोलारा अशा मेलवर उभा राहतो जो कुणाचाच नसतो. शिवाय ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवायची सवय. माझ्या काउंटरवर दिवसभर माणसं ओटीपी वाचून दाखवतात, आजूबाजूला दहा जण ऐकत असतात. मदत करणाऱ्याला आकडे सांगायचे असतात हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. मग पडद्यावरच्या मदत करणाऱ्यानं आकडे मागितले तर ते का अडखळतील? त्या पोरानं तर दोन टप्प्यांचं कुलूप लावलेलंही होतं. पण खोट्या पानावर टाकलेला कोड त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकता येतो, आणि तसाच तो टाकला गेला. पासकी नावाची नवी सोय इथं जास्त भक्कम आहे. फोनचं बोट किंवा चेहरा लावून उघडणारी ही किल्ली खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते, खोट्या पानावर ती चालतच नाही. फोनमध्ये जतन केलेला पासवर्डही असाच राखण करतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर हात आखडायचा आणि पत्ता वाचायचा.

आता सेंटरवर नवा मेल काढायचा असेल तर पासवर्ड मी टाइप करत नाही. कीबोर्ड फिरवून देते आणि तोंड दुसरीकडं करते. म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो, मागची रांग कुरकुरते, तरी देते. ओटीपी वाचून दाखवायला लागले की थांबवते, "तुम्हीच टाका, मला सांगू नका." काहींना राग येतो, ताईचा आपल्यावर विश्वास राहिला नाही असं वाटतं. एक आजी तर म्हणाली, "तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?" तिला समजावताना माझीच पंचाईत झाली. माणसावर विश्वास टाकायची ही रीत मोडायला मला दुःख होतं, आणि मोडल्याशिवाय भागतही नाही.

सध्या दिवाळीआधीचं एक काम डोक्यात आहे. मागं राहणाऱ्या पोरांच्या खात्यांना नंबर जोडलेला असतो बापाचा, आणि ते सिम बापाबरोबर फडावर जातं. इकडं खातं अडकलं की कोड तिकडं जातो, पहाटे चारला मोळ्या बांधणाऱ्या माणसाच्या खिशात, आणि तो उचलेपर्यंत मुदत संपलेली असते. म्हणून टोळ्या निघायच्या आत वस्तीवर जाऊन बसायचं ठरवलंय. प्रत्येक घराचा मेल उघडायचा, त्याला मागं राहणाऱ्या आजीचा नंबर दुसरा म्हणून जोडायचा, आणि जीमेल देतं ते परतीचे कोड कागदावर उतरवून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायचे. त्या पोरानं वस्तीवरच्या घरांची यादी करून दिली आहे. कुणाच्या घरी आजी आहे, कुणाच्या घरी फक्त थोरली बहीण, कुणाकडं फोन आहे पण चार्जर नाही, असं सगळं त्यात लिहिलंय. टीमच्या पोरांना पत्ता उजवीकडून कसा वाचायचा ते मीच सांगतो म्हणाला. मी म्हटलं, सांग, पण आधी त्यांना हे सांग की असा मेल आला किंवा बटण दाबलं गेलं तर त्याच रात्री माझ्या फोनवर फोन करायचा, कितीही वाजलेले असोत.